जॉन्सनबाईंनी ‘नुसती बेरीज-वजाबाकी’ केली?

नासाच्या गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांच्याबद्दल एक पोस्ट फिरते आहे. तिचं म्हणणं असं: या कृष्णवर्णीय बाईंनी इंजिनिअरांच्या सूत्रांत फक्त आकडे भरले, अंतराळवीर जॉन ग्लेनने उड्डाणाआधी त्यांच्याकडून आकडे तपासून घेतल्याचा किस्सा ‘हिडन फिगर्स’ या सिनेमावाल्यांनी रचला, खरं काम आयबीएम कंपनीच्या संगणकयंत्राने केलं आणि सिनेमा आला म्हणून बाई मोठ्या झाल्या.

आधी आकडे भरण्याचं. १९५३ मध्ये त्या अमेरिकेतल्या लँगलीच्या विमानसंशोधन प्रयोगशाळेत (ती पुढे नासाकडे आली) लागल्या तेव्हा हुद्दा ‘कॉम्प्युटर’ हाच होता. यंत्राचा नव्हे, हाताने गणितं करणाऱ्या माणसाचा. कृष्णवर्णीय बायकांचा कक्ष वेगळा असे. पण दोन आठवड्यांतच त्यांना उड्डाण संशोधन विभागाने मागून घेतलं. १९६० साली तिथले इंजिनिअर टेड स्कोपिन्स्की यांच्यासोबत त्यांचा अहवाल निघाला. प्रश्न असा होता: यान पृथ्वीवरच्या ठरलेल्या जागेवरूनच जायला हवं असेल, तर रॉकेटचं इंधन संपतं त्या क्षणी त्याची दिशा उत्तरेशी किती अंशांचा कोन करणारी हवी? यानाची एक फेरी साधारण ८८ मिनिटांची, आणि तेवढ्यात खालची पृथ्वी २२ अंश फिरलेली असते. त्यात ती ध्रुवांपाशी चपटी, म्हणून कक्षेचं प्रतल, म्हणजे यान ज्या सपाटीत फिरतं ती सपाटीही, हळूहळू वळत जाते. याला कोणी पाढे म्हणत असेल तर खुशाल म्हणावं. जॉन्सनबाईंनीच पुढे सांगितलं आहे, की स्कोपिन्स्कींना नासाच्या ह्यूस्टनच्या नव्या केंद्रात जायचं होतं आणि त्यांनी साहेबांना सांगितलं, अहवाल कॅथरिनलाच पुरा करू द्या, बहुतेक काम तिचंच आहे. त्या विभागात अहवालावर बाईचं नाव लागण्याची ती पहिली वेळ.

ग्लेनचा किस्सा खरा आहे. फेब्रुवारी १९६२ च्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या उड्डाणाआधी त्याने सांगितलं, त्या मुलीला आकडे तपासू द्या, ती बरोबर म्हणाली तर मी तयार आहे. (‘मुलगी’ ४३ वर्षांची होती!) सिनेमाने तो प्रसंग उड्डाणाच्या तोंडावर आणून ठेवला, ही मात्र पदरची भर, प्रत्यक्षात ती तपासणी आधीच झाली होती आणि तिला दीड दिवस लागला होता. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्वच्छतागृहासाठी सिनेमात दाखवलेली लांबलचक धावपळही त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती.

आयबीएमच्या यंत्राने गणित केलं, हे कोणी नाकारलेलंच नाही. पण ती यंत्रं तेव्हा नवी, मध्येच बंद पडणारी. अंतराळवीरांचा त्यांच्यावर पुरता भरवसा नव्हता. तीच समीकरणं बाईंनी टेबलावरच्या गणनयंत्रावर हाताने सोडवली आणि उत्तरं जुळली. ताळा करणं हे दुय्यम काम, असं ज्याला वाटतं त्याने यानाच्या त्या कुपीत बसून पाहावं.

राहिला सिनेमा. अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक त्यांना मिळालं नोव्हेंबर २०१५ मध्ये. सिनेमा आला डिसेंबर २०१६ मध्ये. एवढी वजाबाकी पोस्टवाल्यांनाही जमावी.