जहाजाच्या इंजिनाचा तो मेसेज: ११६ टक्के एफिशियन्सी कुठून आणली?

चार मजली उंच इंजिन आणि शेजारी मुंगीएवढा माणूस, तो फोटो परत फिरायला लागलाय. खाली मजकूर तोच: जगातलं सगळ्यात मोठं डिझेल इंजिन, १,०९,००० हॉर्सपॉवर, तासाला फक्त ६,३०० लिटर तेल, एफिशियन्सी (म्हणजे तेलातल्या ऊर्जेपैकी कामी येणारा भाग) ५० टक्क्यांवर, हीच टेक्नॉलॉजी कारमध्ये टाकली तर मायलेज डबल होईल पण कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात, आणि शेवटी, अशी १५ जहाजं जगातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त प्रदूषण करतात. एकाच मेसेजमध्ये इंजिन देवही आणि राक्षसही, आधी ठरवा तरी काय ते.

इंजिन खरं आहे, ते मान्य. वार्टसिला कंपनीचं आरटी-फ्लेक्स९६सी, १४ सिलिंडरचं, २००६ मध्ये एम्मा मर्स्क या कंटेनर जहाजात बसलं. पॉवर ८०,०८० किलोवॅट, म्हणजे १,०८,९२० हॉर्सपॉवर, वजन २,३०० टन. इथपर्यंत भांडण नाही.

पण ते ६,३०० लिटर! कुणी साधा गुणाकारसुद्धा करून बघितला नाही का? जड तेलाच्या एका किलोत साधारण ४० मेगाज्यूल ऊर्जा असते, ६,३०० लिटर म्हणजे ६,२०० किलो धरा, तर आत गेली जेमतेम ६९,००० किलोवॅट पॉवर आणि शाफ्टवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) बाहेर आली ८०,०००. म्हणजे एफिशियन्सी ११६ टक्के, एवढं जमलं असतं तर तेल कशाला जाळायचं, उलट टाकीत भरून घेतलं असतं. झालंय असं की १,६६० गॅलनचे कुणीतरी लिटर केले आणि फुल पॉवरच्या आकड्याशेजारी चिकटवून दिले, तेवढ्या तेलात हे इंजिन निम्म्याहून कमी पॉवर देईल. फुल पॉवरला ते एका युनिटमागे १७१ ग्रॅम तेल खातं, हिशोब केला तर तासाला १३.७ टन, म्हणजे जवळपास १४,००० लिटर. गंमत म्हणजे या खऱ्या आकड्यावरूनच एफिशियन्सी ५० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे मेसेजमधला तो दावा बरोबर आणि तेलाचा चूक.

आता दाबून ठेवलेली टेक्नॉलॉजी. दाबलेलं काही नाहीये हो, ही एफिशियन्सी येते ती मोठं आणि हळू असण्यातून. सिलिंडरचा व्यास ९६० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली पल्ला) अडीच मीटर, आणि फिरतं मिनिटाला फक्त १०२ वेळा. शेजारी उभं राहिलात तर एकेक फेरा मोजता येईल. कारचा सिलिंडर ८० मिलिमीटरचा धरला तर हा बारापट रुंद, त्यामुळे आतल्या गॅसच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग बारापट कमी, उष्णता भिंतीतून पळून जायला जागाच कमी मिळते, आणि तेल नीट जळायला वेळही भरपूर. पिस्टनचा वेग मात्र सेकंदाला साडेआठ मीटर, म्हणजे कारच्या पिस्टनच्या जवळपासच, फरक एवढाच की याला लांबचा पल्ला आहे.

आणि हे कारमध्ये बसवायचंच असेल तर बसवून बघा. २,३०० टनांत १,०९,००० हॉर्सपॉवर म्हणजे टनाला ४७, म्हणजे १०० हॉर्सपॉवरसाठी दोन टनांचं नुसतं इंजिन, बाकी गाडी वेगळी. सगळ्या सिलिंडरांची मिळून क्षमता २५,४८० लिटर, म्हणजे लिटरमागे सव्वाचार हॉर्सपॉवर, तुमचं दीड लिटरचं इंजिन साडेसहा हॉर्सपॉवर देईल, स्कूटरसुद्धा पुढे निघून जाईल. क्लच नाही, गिअर नाही, प्रोपेलर सरळ शाफ्टला जोडलेला. रिव्हर्स हवा असेल तर इंजिन बंद करायचं आणि ३० बारच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या तीसपट दाबाच्या हवेचा झोत सोडून उलट्या दिशेने सुरू करायचं. पार्किंग करताना ट्राय करा. शिवाय जहाज दिवसेंदिवस एकाच लोडवर चालतं, कार सिग्नलला थांबते, पुन्हा पळते. चांगलं कार डिझेलही सोयीच्या लोडवर ४० टक्क्यांपर्यंत जातं, ते डबलचं गणित येतं जहाजाचा बेस्ट आकडा आणि कारचा ट्रॅफिकमधला आकडा शेजारी ठेवल्यावर.

राहिलं प्रदूषण. ही २००९ पासून फिरणारी तुलना आहे आणि ती फक्त सल्फरची होती, कार्बनची नाही, फॉरवर्ड होता होता "सल्फर" शब्द गळला आणि "प्रदूषण" उरलं. तेव्हा जहाजाच्या तेलात साडेचार टक्क्यांपर्यंत सल्फर चालायचं, युरोपात कारच्या डिझेलला मर्यादा १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), म्हणजे साडेचार हजारपट फरक, मग तुलनेत जहाज हरणारच. जानेवारी २०२० पासून जहाजांची मर्यादा ०.५ टक्क्यावर आली, जिथे स्क्रबर (धुरातलं सल्फर धुऊन काढणारं यंत्र) नाही तिथे तेवढंच चालतं. कार्बनचं बघायचं तर अशी १५ इंजिनं वर्षभर चोवीस तास फुल पॉवरला पळवली तरी ५६ लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघेल, जगातल्या सगळ्या कारचा वर्षाचा आकडा ३०० कोटी टनांच्या घरात आहे.

नायट्रोजन ऑक्साइडमध्ये मात्र ही इंजिनं खरंच वाईट आहेत, ज्या जास्त तापमानाने एफिशियन्सी मिळते तेच नायट्रोजन ऑक्साइडही बनवतं. पण मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं तेच सापडलं नाही.