सहा ओळींचा फळा

वाचनालयाच्या दारातला आमचा फळा चार फूट बाय तीन. वरचा पट्टा 'आजचा दिनविशेष' या मथळ्याने अडवलेला, खालची ओळ सुविचाराची. ती काढली तर समिती विचारते, म्हणून काढायची नाही. दोन इंची अक्षर धरले, तर मध्ये उरतात सहा ओळी. इतिहासाने मात्र सहा ओळींचा हिशोब कधीच ठेवलेला नाही.

18 जूनच घ्या. 1946 साली याच दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, म्हणून गोव्याचा क्रांतिदिन. ही ओळ पहिली, वाद नाही. दुसरी झाशीच्या राणीची. पण ती कालच लिहायला हवी होती असे सांगणारा एक वाचक असतोच, कारण काही पुस्तकांत 17 आहे, काहींत 18. मग 1815 चे वॉटर्लू. त्याला आमच्याकडे जागा मिळत नाही. नेपोलियन इथेही हरतो.

क्रम ठरलेला : आधी गोवा, मग देश, मग जग. ओळीत आधी साल, मग नाव, शेवटी 'जन्म' किंवा 'निधन'. हे दोन शब्द वेगळ्या रंगात लिहावेत, कारण घाईत अदलाबदल होते ती यांचीच. 'जयंती' हा शब्द तर कुलुपात ठेवावा. ती गेलेल्या माणसाची असते. हयात माणसाची जयंती लिहिली की पहिला फोन त्यांच्या घरूनच येतो.

ओळींचा सूर जुळवणे त्याहून अवघड. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात झेवियर सायबाचे (सेंट फ्रान्सिस झेवियरचे) फेस्त, म्हणजे चर्चचा सण, राजेंद्रप्रसादांची जयंती, आणि 1984 ची भोपाळची ती रात्र. फेस्ताच्या शुभेच्छांखाली लगेच भोपाळ लिहिता येत नाही. मध्ये एक ओळ कोरी सोडायची आणि खाली साधा पांढरा खडू. म्हणजे सहातली एक ओळ गेली.

25 नोव्हेंबरला भांडण क्रियापदाचे. 1510 साली सेंट कॅथरीनच्या दिवशी पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा... पुढे काय? 'जिंकला' लिहा, एक गट उठतो. 'बळकावला' लिहा, दुसरा. 'घेतला' लिहिले तर दोघेही विचारतात, बाजारातून का? आम्ही हल्ली 'गोव्यात पोर्तुगीज सत्ता' एवढेच लिहितो. क्रियापद नाही, कटकट नाही.

15 ऑगस्टला सगळ्या देशाचा सण, सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, स्वर्गारोहणाचे फेस्त आणि गोवा मुक्तीच्या 1955 च्या सत्याग्रहात पत्रादेवीला गोळ्या झेललेल्यांचे स्मरण, तिन्ही एकाच फळ्यावर. गोव्याला आणखी 14 वर्षे, 4 महिने, 4 दिवस थांबावे लागले, हेही कुणीतरी मागून सांगतोच. ते मात्र 19 डिसेंबरच्या, मुक्तिदिनाच्या, खात्यात टाकायचे.

इथवर फक्त गर्दीचा त्रास. खरी परीक्षा तारखेचीच. लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त ईस्टरच्या हिशोबाने सोमवारी. लोक त्यांना बहिणी मानतात, पण दोघींची कॅलेंडरे वेगळी. म्हणून दर जानेवारीत पंचांग आणि चर्चचे कॅलेंडर शेजारी ठेवून वही नव्याने भरावी लागते. जुनी वही उतरवणारा एप्रिलमध्ये हमखास फसतो.

शकाचे इसवी सन करताना 78 मिळवतात, हे सगळ्यांना पाठ. पौषात इंग्रजी वर्ष बदलते, मग 79 लागतात, हे निम्म्यांना नाही. शिवजन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया. 78 मिळवले तर 1629, आणि महाराज एक वर्ष आधीच जन्मतात. 79 मिळवा, म्हणजे 1630. पुढची खोच अशी, की 19 फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली. आजच्या हिशोबाने तो दिवस 1 मार्च. हे आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर घेताना पोर्तुगालने 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडवला. इंग्रजांनी तेच करायला 1752 उजाडवले. त्यामुळे सुरतेच्या इंग्रज वखारीचे पत्र आणि गोव्याचा पोर्तुगीज कागद एकाच दिवशी लिहिला असला, तरी तारखांत दहा दिवसांचे अंतर. रायगडचा राज्याभिषेकही असाच, 6 जून तो जुना, नवा 16. हे सगळे फळ्यावर लिहायला गेलो तर सुविचार काढावा लागेल.

अव्हिलाची सेंट तेरेझा त्याच 4 ऑक्टोबरच्या रात्री वारली. तिचे फेस्त 15 ला, कारण दुसऱ्या दिवशी 15 च होती. त्याच तारखेला अब्दुल कलामांचा जन्म. या योगायोगाला आम्ही दोन ओळी देतो, आवडतो म्हणून.

पावसाळ्याचे वेगळे. जून ते सप्टेंबर फळ्याला घाम येतो आणि खडू घसरतो. खडू साखरेच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून लिहावे. वाळले की अक्षर ठसठशीत दिसते आणि हात लागून सहज पुसत नाही. पाण्यात साखर जास्त झाली तर दिनविशेष मुंग्या वाचतात.

तरीही दुपारी शाळा सुटते, दप्तरे फळ्याला घासतात. दप्तराची उंची नेमकी नावांच्या ओळीची. संध्याकाळपर्यंत नाव पुसले जाते, मागे ठळक लाल अक्षरांत 'यांचे निधन' तेवढे राहते. मग येणारा प्रत्येक जण पुस्तक घ्यायच्या आधी हळूच विचारतो, "कोण हो?" आम्ही उत्तर देईपर्यंत निम्म्या वाड्यावर बातमी पोचलेली असते.