पार्श्वभूमी स्वच्छ असावी

आज दुपारी माळ्यावरून काढलेल्या सात पिशव्या, दोन बोचकी आणि एक बिघडलेला मिक्सर यांच्या मधोमध बसले होते, तेवढ्यात थोरलीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. 17 सप्टेंबरपासून 'स्वच्छता ही सेवा' अभियान सुरू होतंय, तरी आपल्या पाल्याचा घर स्वच्छ करतानाचा फोटो आज रात्री 8 पर्यंत पाठवावा. फोटो आडवा असावा. पार्श्वभूमी स्वच्छ असावी.

परत वाचा. घर साफ करतानाच्या फोटोत पार्श्वभूमी स्वच्छ असावी.

तासाभरात 19 फोटो येऊन पडले. इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून भांग, हातात नवाकोरा झाडू. एकाच्या झाडूचं तर प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मागे आरशासारखी फरशी. त्या फरशीवरून ते पोरगं काय झाडत होतं, अंबाबाईलाच ठाऊक. खाली अंगठे, फुलं, 'व्हेरी गुड बेटा'.

आणि माझं बेटा त्या वेळी सोफ्याखाली आडवं पडून तिथे सापडलेली बिस्किटं खात होतं.

आमच्या कोल्हापुरात या कामाला 'दसरा काढणं' म्हणतात. पुण्यात हे म्हटलं की समोरचा विचारतो, कुठून काढणं? म्हाळ उरकला की घट बसायच्या आत घरातलं होतं-नव्हतं ते सगळं बाहेर यायचं. जळमटं, माळा, डबे, चिंच लावून घासलेली पितळेची भांडी आणि शेवटी अंथरूण-पांघरूण घेऊन पंचगंगा. या दिवसांत देवळातही साफसफाई चालते, देवीचे दागिने उजळतात. मग आपण कोण लागून गेलो!

मी सहा वर्षांची असेन. काकाच्या एम-एटी गाडीवर मागे-पुढे बोचकी बांधलेली, आम्ही चुलतभावंडं चालत. घाटावर पाय ठेवायला जागा नसायची, अख्खं गाव धुणं घेऊन उतरलेलं. आज्जी पायरीवर सोड्याच्या पाण्यात भिजवलेली वाकळ, म्हणजे गोधडी, पसरायची आणि आम्हाला वर सोडायची. "नाचा रं, जोरात नाचा. पोरांच्या पायानंच वाकळ निघती." आम्ही नाचायचो. काळं पाणी पायरी-पायरीनं खाली जायचं. त्या पाण्याचा फोटो कुणी मागितला नाही. पार्श्वभूमी फारच अस्वच्छ होती.

(नदीत साबण सोडू नये. मान्य. कमेंटमध्ये त्यावरून येऊ नका.)

मला राग शाळेचा कमी आणि आपलाच जास्त येतोय. कारण सकाळी मीसुद्धा धाकट्याच्या हातात मोबाइल देऊन त्याला बेडरूममध्ये बसवलं होतं, 'मध्ये मध्ये येऊ नको' म्हणून. तीन-साडेतीन वर्षांचं पोर मध्ये येणार नाही तर कुठे जाणार? घरच मुळी दोन खोल्यांचं. वर परवा एक नातेवाईक बाई म्हणाल्या, मुलांना दोन दिवस आजीकडे सोड, फटाफट होईल. होईल की! पोरांनीच केलेला पसारा पोरं नसताना काढायचा, मग ती आली की 'हात लावू नको, आत्ताच आवरलंय' म्हणून ओरडायचं. याला साफसफाई म्हणत असतील तर मी नाही करत जा! (राग आला की माझं कोल्हापुरी बाहेर येतं. हे वाक्य आधी 'मी नाही करत जावा' असं टाइप झालेलं.)

फिनेल, ॲसिड, ब्लीच पोरांपासून लांबच हवं, त्यात वाद नाही. ब्लीच आणि संडासाचं ॲसिड तर मोठ्यांनीही एकत्र ओतू नये, क्लोरीन सुटतो. कपाटातल्या डांबरगोळ्याही उचला, त्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि साडेतीन वर्षांचं पोर वास घेऊन थांबत नाही. पण फडकं? डबे? मोज्यांच्या जोड्या? यात कोण मरतंय?

तर मोबाइल काढून घेतला. तो रडला, मग त्याला बादली दिली. त्याने फरशी पुसली म्हणजे बादली ओतली. थोरलीला लहान झालेल्या कपड्यांचं बोचकं सोडायला दिलं, बोहारणीला द्यायचं होतं. दीड तास ती त्या झबल्यांत बसली. 'हे माझं का त्याचं? यात मी एवढीच होते? माझे पाय कुठे मावायचे?' बोहारणीसाठी एकही कपडा निघाला नाही, सगळं परत माळ्यावर. कामाच्या हिशेबाने दुपार वाया गेली. नवऱ्याने तीन पंखे पुसले, पोस्टमध्ये टॅग करीन असं कबूल केलं होतं, केलंय.

त्या वाकळेचं अर्धंच सांगितलं. ओली वाकळ पिळायला दोघं लागतात, दोन टोकं धरून उलटसुलट पीळ घालायचा. मला एक टोक पाहिजेच होतं. आज्जीनं दिलं. पीळ बसत गेला, माझे हात भाजल्यासारखे झाले आणि मी सोडलं. आज्जी धपकन पाण्यात बसली. अख्खा घाट हसला. मला वाटलं आता पाठीत बसणार. ती उठली, लुगडं पिळलं आणि ते टोक परत माझ्याच हातात दिलं. "मनगटाला गुंडाळ आता."

एवढंच. दुसऱ्या कुणा मोठ्याला हाक मारली नाही.

मघाशी हे सगळं आईला फोनवर भरल्या गळ्याने सांगितलं. आई म्हणाली, "कसलं आलंय शिकवणं! घरात तुम्हाला बघायला कोण नव्हतं म्हणून न्यायचो नदीवर."

असेल. पण टोक तर दिलं ना परत?

गोधड्या दोनच निघाल्या. त्याही बाल्कनीत टाकल्या तर ऊन तासभर आणि मग पावसाची सर. आता त्या दारांवर वाळतायत, त्यामुळे घरातलं एकही दार लागत नाही. थोरलीने विचारलं, माझा फोटो कधी काढायचा? काढला. उभाच आला. ती झबलं डोक्याला बांधून बसलीय, मागे सोफा उलटा, त्यामागे धाकट्याचे फक्त पाय. आठला पाच मिनिटं असताना पाठवला. अजून एकही अंगठा नाही.

घट बसायच्या आत हातात एकच रविवार उरलाय आणि बाथरूमच्या वरचा माळा तसाच आहे. आमच्या सोसायटीतलं कुणी वाचत असेल तर दोन दिवसांसाठी घोडा मिळेल का? लोखंडी, घडीचा, कसाही चालेल. जरा लवकर कळवा. नवऱ्याला मी 'उद्या कुणाकडून तरी घोडा आणू' म्हणाले ते धाकट्याने ऐकलंय आणि तेव्हापासून तो गाजर घेऊन दारात बसलाय.