दोन टिंबं

काल टपालाने आमच्या कॉयरची सीडी आली. बासवाल्यांच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पुरुषी आवाजांच्या, यादीत माझं नाव आहे, चक्क शुद्ध छापलंय. तरीही कालपासून माझं टाळकं सटकलंय.

स्टुटगार्टजवळच्या गावात मी ११ वर्षं राहतो, त्यातली सात दुसऱ्या बासमध्ये उभा राहून काढली. यंदा गायचा होता संगीतकार ह्यूगो वोल्फ. पियानोवरची त्याची गाणी लोकांना ठाऊक असतात. कोरसच्या आणि ऑर्केस्ट्राच्या वाटेला फारसं कुणी जात नाही, म्हणून आम्ही गेलो. हौशी माणसाला तुलना नसलेली वाट बरी. हा गृहस्थ १८८४ ते १८८७ व्हिएन्नात समीक्षा लिहायचा आणि ब्राम्ससारख्या बड्या संगीतकाराला धू धू धुवायचा. ब्राम्स आज गल्लीतला कॉयरसुद्धा गातो, आणि वोल्फसाठी आम्ही! १८९७ मध्ये त्याचं डोकं फिरलं. ऑपेराचा संचालक मीच, असं सांगत सुटला. खुर्ची त्या वर्षी मिळाली संगीतकार मालरला. ४२ व्या वर्षी वेड्यांच्या इस्पितळातच वारला. असो. डोकं फिरण्याबद्दल मला सध्या सहानुभूती आहे.

मुख्य चीज होती 'फॉयरराइटर', म्हणजे आगीचा घोडेस्वार. कविता मोरिकेची, म्हणजे इथल्याच पाद्र्याची. १८८८ मध्ये वोल्फने ती एकट्या गायकासाठी बांधली, १८९२ मध्ये कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा केली. डोंगरापलीकडे गिरणी पेटते, लाल टोपीवाला घोडा फेकत तिकडे सुटतो, आणि आम्ही ओरडायचं : डोंगरामागे आग, गिरणीत आग! गिरणीला जर्मनमध्ये 'म्यूले'. लिहिलं खरं, पण ते 'म्यू' नव्हे. ऊच्या डोक्यावर दोन टिंबं असतात : ओठ ऊचे करायचे आणि आत ई म्हणायचं. देवनागरीत हे बसत नाही. पुण्यात ज्या मॅक्स म्युलर भवनात मी हा उच्चार शिकलो, त्याच्या नावातच ही टिंबं आहेत आणि आख्खं पुणे ती गिळून बसलंय. म्युलर म्हणजे गिरणीवाला, हे आणखी वर. पण मी शिट्टीचे ओठ करून, आरशासमोर, महिनाभर तो स्वर घोटला होता. माझा तो पक्का आहे. हे मी पुन्हा सांगेन.

माझ्या डावीकडे बंबवाले आजोबा. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात जन्म घालवलेला माणूस. कॉयरमध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मी आधी मनात अहो-जाहो करून घेतो, मग तोंडाने 'डू' म्हणतो. या गाण्यावर आजोबांचा पहिल्या तालमीपासून राग.

"एकटा आत शिरला!" ते माझ्या कानाशी म्हणायचे. "कधीही जोडीशिवाय आत जायचं नाही. आणि हा घोड्यासकट!"

"आजोबा, ती कविता आहे."

"गिरणी म्हटली की ओढा आला. पाणी शेजारी, आणि हा पवित्र क्रुसाची ढलपी घेऊन आगीला मंत्र घालतो! पिठाची धूळ उडते कशी, ठाऊक आहे? दारूगोळ्यासारखी."

"म्हणून तर तासाभरात गिरणी कोसळते ना."

"कोसळणारच. आणि नंतर तळघरात सांगाडा सापडतो, घोड्याच्या सांगाड्यावर ताठ बसलेला. ताठ? मी ४० वर्षांत एकही ताठ बघितला नाही."

रेकॉर्डिंग गावच्या चर्चमध्ये. घंटेचं घड्याळ बंद, चपला काढलेल्या, पाय गारठलेले. सहाव्या टेकला टोनमाइस्टरचा, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या ध्वनितज्ज्ञाचा, आवाज स्पीकरमधून आला. माणूस उत्तरेकडचा, कानाने तिखट : "दुसऱ्या बासमध्ये कुणीतरी 'मीले' म्हणतंय. मीले नको."

चाळीस माना वळल्या. कुठे, हे सांगायला नको. बंबवाले आजोबाही वळले, चेहऱ्यावर अपार कणव.

आता इथली बोली. श्वाबियन माणूस दोन टिंबं जन्मतःच सोडून देतो. त्याची गिरणी 'मीले'च. आजोबा महिनाभर माझ्या कानात 'मीले'च ओरडत होते. पण जिथे एक सावळा माणूस उभा आहे तिथे गुन्हेगार शोधायची गरज काय? संचालिका हळूच आल्या, खांद्यावर हात ठेवून गोड म्हणाल्या, "तेवढ्या शब्दाला तू नुसतं तोंड हलव, हं." कर भरताना कुणी नाही म्हणत, नुसता हात हलव.

मध्यंतरात आजोबांनी मला लोणी लावलेलं ब्रेत्सेल दिलं आणि शिकवणी घेतली. "अवघड नाही रे. माझ्याकडे बघ. मीऽऽले."

"म्यूऽऽले," मी.

"नाही, नाही. मीऽऽले. ओठ सैल सोड."

काल रात्री हेडफोन लावून ऐकलं. आग लागते, तुताऱ्या पेटतात, आणि त्या सगळ्यातून डावीकडून एक ठणठणीत 'मीले' येतो. प्रत्येक वेळी. मी तर मुका होतो!

शेवटी न राहवून आजोबांना फोन केला.

"ऐकलंस ना?" ते भरल्या आवाजात म्हणाले. "बघ, शेवटी जमलं तुला."