‘घर आमचं, मग परवानगी यांची कशाला?’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. वारसा म्हणून नोंदलेल्या तुमच्या जुन्या घराच्या कामांचा अर्ज समितीकडे जाण्याआधी आम्ही तपासून अहवाल दिला, त्याबद्दलचा. एकच तारा दिलाय, आणि खाली लिहिलंय की फी घेऊन आम्ही नऊ पानी नकार हातात ठेवला, तोही ठरल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी. शिवाय ‘घर आमचं, खिडकी आमची, मग परवानगी यांची कशाला?’ घराची ओळख पटेल असं काही न लिहिता उत्तर देतो.

आधी उशिराचं. तो झाला आणि चूक सर्वस्वी आमची. मोजमापं आणि फोटो पहिल्याच आठवड्यात झाले होते. पुढे अहवाल माझ्या टेबलावर पडून राहिला, कारण शेवटची तपासणी मी करतो आणि मी दुसऱ्या कामात अडकलो होतो. तुम्ही दोनदा फोन केलात, दोन्ही वेळा ‘होतंय’ एवढंच ऐकायला मिळालं. माफी मागतो. त्या तीन आठवड्यांपोटी फीतला काही भाग परत करतोय, त्याचं पत्र तुम्हाला वेगळं येईल.

‘नऊ पानी नकार’ हे मात्र पटलं नाही. तुमच्या यादीत अकरा कामं होती, त्यांतली आठ आम्ही जशीच्या तशी मान्य केली आहेत. मागच्या बाजूची नवी खोली, मागच्या उतारावरचे सौर पॅनेल, पन्हाळी बदलणं, लोंबकळणाऱ्या वायरी आत घेणं, सगळं त्यात आलं. पण हे आम्ही लिहिलं सातव्या पानावर. आधीची सहा पानं तीन नकारांनी भरलेली. तिसऱ्या पानाला वैतागून कुणी अहवाल मिटला, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

आता खिडक्या. रस्त्याकडच्या सहाही काढून तिथे सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या बसवायच्या होत्या, कारण ‘लाकूड सडलंय’. आम्ही प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. एका चौकटीत पातं अर्धं आत गेलं. बाकीच्या पाचांत टोकही रुतलं नाही. सावकाश वाढलेल्या झाडाचं, घट्ट रेषांचं हे लाकूड आहे. आज बाजारात ते सहज मिळत नाही. सडलेला तेवढा भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधता येतो. पाणी आणि आवाज आत येतो ही तुमची तक्रार खरी आहे. त्यावर झडपांच्या कडांना रबरी पट्टी आणि आतून दुसरं तावदान सुचवलंय. उद्या नको वाटलं तर ते काढता येतं, चौकटीला धक्का न लावता. आणि जाता जाता सांगतो, दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. झडपांची पूर्ण उघडते.

दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा द्यायचा, याचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय, पण मला खिडक्यांपेक्षा काळजी त्याची वाटते. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं घरं चुन्यात बांधली गेली, तुमचंही त्यांतलंच. चुना मऊ असतो. भिंतीत शिरलेली ओल त्याच्यातून बाहेर पडते आणि भिंत सुकते. वरून सिमेंटचा कडक थर दिला की त्याला बारीक चिरा जातात, पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायची वाट बंद होते. याचा पुरावा तुमच्याच घरावर आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात कुणीतरी पूर्वी कमरेएवढा सिमेंटचा पट्टा मारलाय. त्याच्या वरच्या कडेला हात लावून बघा: पांढरा लोणा फुटलाय आणि विटेचा चुरा बोटाला लागतो. अडलेली ओल पट्ट्याच्या वर चढून तिथून बाहेर पडतेय, आणि मागे राहिलेले क्षार विटेचा पृष्ठभाग फोडताहेत. संपूर्ण दर्शनी भिंतीला हेच करायचं, तर मी ‘हो’ कसं लिहू? सिमेंट नंतर काढायला गेलं तर विटेची भाजलेली साल सोबत येऊ शकते.

तिसरा नकार तुम्हाला सगळ्यात विचित्र वाटला असणार. सज्जाखाली नक्षीदार लाकडी आधार लावायचे होते, ‘जुन्यासारखे’. जुनं रूप देतोय तरी नको म्हणतात! पण तिथे असे आधार होते याची एकही खूण भिंतीत सापडली नाही. ना खाच, ना बुजवलेलं भोक, ना रंगातला फरक. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जुनं रूप परत देण्याचं काम थांबलं पाहिजे. नसलेला इतिहास चिकटवणं हे आमच्या कामात खिडकी काढण्याइतकंच गैर. जुना फोटो सापडला तर जरूर दाखवा, मत बदलेन.

राहिला परवानगीचा प्रश्न. ती आम्ही देत नाही, वारसा समिती देते. अर्ज तिथे अडकू नये म्हणून आधी तपासून देणं एवढंच आमचं काम. तुमच्या घराची वारसा म्हणून नोंदही फक्त बाहेरच्या रूपापुरती आहे, आत काय बदलायचं ते समिती विचारणार नाही. सरकत्या खिडक्याच हव्या असतील, तर आमचा अहवाल बाजूला ठेवून अर्ज करायला तुम्ही मोकळे आहात.

अहवाल नव्याने लिहितोय: दोन पानं, मान्य कामं सगळ्यात वर. तो घेऊन मी स्वतः येईन, म्हणजे ती सडलेली चौकट सोबत बघता येईल. कोपऱ्यातला तो सिमेंटचा पट्टा मात्र पावसाआधी उतरवून घ्या, कुणाकडूनही, पण विटा जपून.