नऊ अंतराय आणि एक सतरंजी

नित्य योगाभ्यासाने माणूस आमूलाग्र बदलतो, असे पुण्यातील आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लिहिले आहे. शरीराविषयी मी इतक्यात काही बोलू इच्छित नाही. बदलाविषयी मात्र जबाबदारीने सांगू शकतो, कारण सकाळी सहाच्या वर्गाला नेमाने जाऊ लागल्यापासून तो माझ्यात झाला आहे आणि घरच्यांनी त्याचा धसका घेतला आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत प्रत्यक्ष आसनाच्या वाट्याला अवघी तीन सूत्रे आली आहेत. त्यांतले पहिले ‘स्थिरसुखमासनम्’ हे असून, माझ्या अनुभवानुसार स्थिर आणि सुख या दोन गोष्टी एका वेळी साधत नाहीत. याउलट साधनेतले अडथळे, म्हणजेच अंतराय, पतंजलींनी समाधिपाद या पहिल्या भागातील 30व्या सूत्रात एका दमात नऊ सांगितले आहेत. त्यांची नावे पाहता पतंजलींनी सकाळचा वर्ग घेतला असावा, याविषयी मला शंका उरलेली नाही.

व्याधी आणि संशय सर्वांनाच असतात, त्यांचे कौतुक नको. आलस्य माझ्याआधी जागे होते. अविरती म्हणजे विषयांची न सुटणारी ओढ. ती तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून कांदेपोह्यांच्या फोडणीबरोबर वर येते, आणि तीही नेमकी ‘आता दीर्घ श्वास घ्या’ असे सांगितले जाते तेव्हा.

आमच्या बाई अय्यंगारांच्या परंपरेतल्या. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले आणि पुढे त्यांनी न वाकणाऱ्या शरीरांसाठी पट्टे, विटा, दोर आणि खुर्च्या कामी लावल्या, त्यामुळे ‘मला जमत नाही’ ही माझी एकमेव सबब कायमची बाद झाली. पश्चिमोत्तानासनात हात पावलांपर्यंत पोचत नसतील तर तळव्यांभोवती पट्टा अडकवून त्याची दोन्ही टोके धरायची असतात. माझ्या पायाच्या अंगठ्यांशी माझी ओळख तशी तोंडदेखलीच असल्याने मी पट्टा पार टोकाला धरला आणि मान खाली घालून साधकाची मुद्रा धारण केली. बाई आल्या, माझ्या कमरेवर दोन बोटे टेकवून म्हणाल्या, “काका, वाकायचं इथून. मान काय, ती कुणीही खाली घालतं.”

अंतरायांच्या सोबत्यांमध्ये पतंजलींनी ‘अंगमेजयत्व’, म्हणजे अंग थरथरणे, हेही नोंदवले आहे. नावासनात माझ्या मांड्या त्या शब्दावर सविस्तर भाष्य करीत असताना, शेजारच्या सतरंजीवरील सत्तरी ओलांडलेल्या आजी त्याच आसनात निवांत बसून विचारतात, “तुमच्याकडे पाणी आलं का हो सकाळी?” उत्तर देण्यासाठी श्वास लागतो आणि तो मी तेव्हा अन्य कामी गुंतवलेला असतो.

सगळ्यांत गोड अंतराय म्हणजे भ्रांतिदर्शन, अर्थात न गाठलेली पायरी गाठल्यासारखी वाटणे. एका सकाळी बोटे अंगठ्यांना निसटती लागली, आणि त्या दिवशी मी सिग्नलला हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला श्वासाकडे लक्ष देण्यास सांगितले, मुलाला अपरिग्रह, म्हणजे साठा न करणे, समजावला आणि जेवताना चित्तवृत्तींच्या निरोधावर इतका वेळ बोललो की आमटी निवली. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, मन शांत झालं असेल तर आता तोंडही होऊ द्या.” त्या रात्री श्रीखंड होते. दुसऱ्या सकाळी अंगठे पूर्वीच्या अंतरावर परत गेले होते. मिळालेली भूमी टिकत नाही या अवस्थेला अनवस्थितत्व म्हणतात आणि ते नवव्या क्रमांकावर आहे.

तरीही माझ्या प्रगतीची दखल घेतली गेली आहे. शवासन श्रम हरण करणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे आहे असे हठयोगप्रदीपिका या योगावरील जुन्या ग्रंथात सांगितले आहे, आणि यात बाईंना माझ्यात एकही दोष काढता आलेला नाही. 2015 पासून 21 जूनला योगदिन साजरा होतो. यंदाच्या प्रात्यक्षिकासाठी बाईंनी आसने वाटली, तेव्हा आजींना सर्वांगासन मिळाले आणि मला, थोड्या विचारानंतर, शवासन. “फक्त घोरायचं नाही, काका,” अशी त्यांची एकच अट आहे, आणि ती पाळता यावी म्हणून मी सध्या रोज दुपारच्या जेवणानंतर कसून सराव करीत आहे.