लवंगेच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

ताई नमस्कार. एक स्टार बघितला, रिव्ह्यू दोनदा वाचला. १०० ग्रॅमच्या पुडीत फूल गळालेल्या काड्या जास्त आल्या हे खरंय, पोत्याचा तळ होता आणि पोरानं न चाळताच पुडी बांधली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "तेल काढलेली लवंग विकतात" हे जे लिहिलंय ना, ते फार लागलं. वडिलांपासून सोलापुरात मसाल्याचं दुकान आहे, असं कुणी कधी तोंडावर बोललं नाही. ग्लासभर पाण्यात लवंग टाकायची, तेल असलं तर बुडते किंवा फूल वर करून उभी राहते, तेल काढलेली आडवी तरंगते. त्या दिवशी मी काउंटरवर ग्लास ठेवला पण होता, तुम्हीच म्हणालात राहू द्या, गाडी रस्त्यात लावलीय.

आणि त्याच रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांच्या दाढेला चार लवंगा वाटून लावल्या तर हिरडी भाजली. वाईट वाटलं वाचून, आता बरंय ना त्यांना? पण ताई, तेल नसतं तर हिरडी भाजली असती का? लवंगेच्या तेलात बहुतेक भाग युजेनॉलच असतं, म्हणजे झोंबणारं आणि ठणका बधिर करणारं द्रव्य, दातांचे डॉक्टर पण झिंक ऑक्साइडच्या पावडरीत तेच कालवून दात तात्पुरता भरतात. दाढेखाली एक अख्खी लवंग धरायची, वाटून थापायची नाही. नुसतं लवंगतेल तर थेट लावूच नये, आणि लहान पोरांना अजिबात नाही. तेवढ्यापुरता ठणका दबतो, कीड जात नाही, त्यांना डॉक्टरांना दाखवाच.

महाग म्हणालात, तर लवंग म्हणजे न उमललेली कळी, हातानं खुडायची, आणि वाळली की ३ किलोची साधारण १ किलोच भरते. केरळ, कन्याकुमारीचा माल पुरत नाही म्हणून श्रीलंका, मादागास्करहून येतो. किलोभर मिरचीच्या काळ्या मसाल्याला आम्ही १०-१५ ग्रॅमच सांगतो, जास्त घातली तर मसाला कडवट होतो, उगाच खपवत नाही.

इथून पुढं चाळून देऊ, पोराला पण सांगितलंय. उरलेली पुडी घेऊन या, बदलून देतो, पण आधी तुमच्यासमोर पाण्यात टाकून दाखवणार. मग स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, फक्त ते तेलाचं वाक्य काढता आलं तर बघा, उन्हाळ्यातल्या मसाल्याच्या सीझनवरच आमचं वर्ष निघतं.